समोरचीच गेम कंपनी विकत घेऊन टाकायची, हे चालू द्यायचं का?

जुनीडिस्क

मंडळी, सप्टेंबर २०२५ मधे ईए (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स) ह्या अमेरिकन गेम कंपनीचा सौदा जाहीर झाला, ५५ अब्ज डॉलर, सौदीचा पब्लिक इन्व्हेस्टमेंट फंड अन् सोबत सिल्व्हर लेक आणि अफिनिटी पार्टनर्स, तेव्हापासून आपल्या नागपूरच्या ग्रुपवर एकच रडगाणं सुरू आहे की संपलं आता सगळं. मला तो सौदा तेवढा खुपत नाही. पैसेवाल्यानं गेम कंपनी घेतली, मालक बदलला, दुकान तेच. (त्यातले २० अब्ज कर्जाचे आहेत आणि ते फेडायला कात्री कुठं चालणार हे सांगायला ज्योतिषी नको, पण तो वेगळा धागा.) मला खुपतं ते गेम कंपनीनं समोरचीच गेम कंपनी घेऊन टाकणं. काल ज्याच्याशी शेल्फवर मारामारी होती त्यालाच आज घरजावई करून आणायचं.

दोघं भांडतात तेव्हा गिऱ्हाइकाला काय मिळतं ते बघायचं असेल तर २००४ बघा. अमेरिकन फुटबॉलचे दोन गेम होते, ईएचं मॅडन पन्नास डॉलरला, आणि सेगा अन् टेक-टू ह्या दुसऱ्या गेम कंपन्यांनी त्यांचं एनएफएल २के५ काढलं वीस डॉलरला. ईएला झक मारून मॅडन तीस डॉलरवर आणावं लागलं. मग डिसेंबर २००४ मधे ईएनं काय केलं, एनएफएल लीगचं एक्सक्लुझिव्ह लायसन्सच घेतलं, म्हणजे लीगची नावं दुसऱ्या कोणाला वापरता येणार नाहीत. समोरचा गेम आपोआप बाद, पुढच्या वर्षी मॅडन परत जुन्या भावावर. त्यावर गिऱ्हाइकांनी कोर्टात केस टाकली आणि ईएनं २ कोटी ७० लाख डॉलर देऊन मिटवलं. इथं कंपनी विकत घेतली नव्हती हे मान्य, पण समोरचा नाहीसा झाला की काय होतं ते यात स्वच्छ दिसतं.

आता आपल्या घरचं उदाहरण. क्रिकेट ०७ माहीत नाही असा नागपुरी पोरगा दाखवा. बजाज नगरच्या गेम पार्लरमधे दोन पंथ होते, एक ईएचं क्रिकेट ०७ वाले, रिची बेनॉ आणि मार्क निकोलसची कॉमेंट्री तोंडपाठ असलेले, आणि दुसरे ब्रायन लारा २००७ वाले, ते ब्रिटनच्या कोडमास्टर्स कंपनीचं. क्रिकेट ०७ मधे आपल्या टीमची नावं धड नाहीत, कारण लायसन्स नाही, मग कोणीतरी पॅच आणायचा पेनड्राइव्हमधे, तो टाकला की मग सचिन सचिन व्हायचा आणि जर्सीवर बरोबर नाव यायचं. पार्लरवाला मात्र त्या पॅचला हात लावू देत नसे, म्हणे मागच्या वेळी विंडोज उडालं होतं.

तर फेब्रुवारी २०२१ मधे ईएनं तेच कोडमास्टर्स सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास घेऊन टाकलं. क्रिकेटसाठी नाही, रेसिंगसाठी. ईएकडं नीड फॉर स्पीड होतंच, कोडमास्टर्सकडं डर्ट, ग्रिड, एफ वन. आणि कोडमास्टर्सनं स्वतः २०१९ मधे प्रोजेक्ट कार्सवाली स्लाइटली मॅड घेतलेली, म्हणजे तीही आत आली. पुढं काय झालं बघा. २०२२ मधे प्रोजेक्ट कार्स बंद केल्याचं ईएनं सांगून टाकलं. ईएकडं आल्यापासून डर्टच्या नावानं नवा गेम नाही. एप्रिल २०२५ मधे रॅलीच्या गेममधूनही पाय काढून घेतला. एफ वन चालू आहे कारण ते विकतं.

माझं म्हणणं एवढंच, समोरच्याला विकत घेताना तुम्ही माणसं घेता, कोड घेता, ते सगळं ठीक, पण नाव पण घेता आणि ते नाव मग बासनात बांधून ठेवता. तुम्ही करत नाही आणि दुसऱ्यालाही करू देत नाही. हे चालू द्यायचं का? बोला.

अबे_लोडिंग

काहून रडून राहिला बे एवढा. मायक्रोसॉफ्टनं अ‍ॅक्टिव्हिजन (कॉल ऑफ ड्यूटीवाले) घेतलं तवा पण असंच बोंबलत होते सारे, मरण आलं म्हणे गेमरचं. मले त फायदाच झाला. ब्लॅक ऑप्स ६ (कॉल ऑफ ड्यूटीचंच) पह्यल्या दिवशी गेम पासवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या महिन्याच्या वर्गणीवर आलं, एका महिन्याच्या पैशात कॅम्पेन खेळून मोकळा झालो, नाहीत चार-पाच हजार द्या लागते त्याले. आणि प्लेस्टेशनवाल्याइले पण मिळून राहिलंच ना कॉल ऑफ ड्यूटी? कोनाचं काय गेलं मंग?

हिशोबवाली

लोडिंग, गेम पास अल्टिमेटचा अमेरिकेतला भाव आठव. सौदा चालू होता तेव्हा १४.९९ डॉलर. जुलै २०२३ मध्ये १६.९९, २०२४ मध्ये १९.९९, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये एकदम २९.९९. सौदा पूर्ण झाला १३ ऑक्टोबर २०२३ ला. म्हणजे दोन वर्षांत तुझा 'फायदा' पावणेदोन पट महाग झाला. सगळी वाढ सौद्यामुळेच झाली असं मी म्हणत नाही, पण ६८.७ अब्ज डॉलर मोजणारा माणूस ते कुठून तरी काढणारच ना.

पण जुनीडिस्क, तुमच्याशीही मी सहमत नाही. मी धरमपेठेत लोकांचे ताळेबंद बघते, त्यामुळे मला विकणाऱ्याची बाजू पण दिसते. कोडमास्टर्सला टेक-टूनं आधी शेअरमागे ४८५ पेन्सची ऑफर दिली होती, बोर्डानं ती मान्यही केली होती. मग ईए ६०४ पेन्स रोख घेऊन आली. तुम्ही त्या कंपनीचे शेअरहोल्डर असता तर काय केलं असतं? डर्टच्या आठवणीत ११९ पेन्स सोडून दिले असते?

आणि उलटं उदाहरणही ईएचंच आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये तिनं टेक-टूलाच मागणी घातली, शेअरमागे २६ डॉलर, एकूण सुमारे २ अब्ज. टेक-टू म्हणाली कमी आहे, आमचं जीटीए फोर यायचंय, थांबा. एप्रिलअखेर जीटीए फोर आलं, पहिल्या आठवड्यात ५० कोटी डॉलरची विक्री. ईएनं सप्टेंबरमध्ये नाद सोडला. आता गंमत बघा, लगेच मंदी आली आणि टेक-टूचा शेअर दहा डॉलरच्या खाली आला. त्या वेळी ज्यांनी नाही म्हटलं त्यांना सगळ्यांनी वेड्यात काढलं असणार. आज तोच शेअर दोनशे डॉलरच्या वर गेलेला आपण पाहिलाय. मग त्या बोर्डाला शहाणं म्हणायचं की नशीबवान, मला ठरवता येत नाही.

जुनीडिस्क

ताई, शेअरहोल्डरनं काय करावं हा प्रश्नच नाही माझा. त्यानं विकावंच, जास्त भाव देईल त्याला विकावं. माझा प्रश्न घेणाऱ्याला घेऊ द्यावं का हा आहे. आणि २००८ चं तुम्हीच काढलं ते बरं झालं. ईएनं टेक-टू घेतली असती तर जीटीए फाइव्ह २०१३ मधे आलं असतं का? म्हणजे आलं असतं, पण पाच वर्षं थांबू दिलं असतं का जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टारला? ईएचं गणित दरवर्षी एक असं आहे, फिफा (आता नाव एफसी) दरवर्षी, मॅडन दरवर्षी. जीटीए दरवर्षी झालं असतं तर २० कोटीच्या वर कॉपी गेल्या असत्या का? आणि सिक्ससाठी १९ नोव्हेंबर २०२६ तारीख देऊन बसलेत, आधीच्या दोन तारखा पुढं ढकलून. ईएच्या दिवाळीच्या हिशोबात हे बसत नसतं.

कोर्टाची_पायरी

दोघंही दोन वेगळ्या गोष्टींवर भांडून राहिले. कायदा 'कंपनी मोठी का लहान' हे विचारत नाही, तो विचारतो 'बाजार कोणता'. आपल्याकडचं सांगतो. दिवाळीत पुण्याहून नागपूरला यायचं असेल आणि ट्रॅव्हल्सवाल्या दोन मोठ्या कंपन्या एक झाल्या तर भाडं वाढेल का? तुम्ही म्हणाल हो. कंपनीचा वकील उभा राहून म्हणेल, माय लॉर्ड, रेल्वे आहे, विमान आहे, समृद्धीवरून स्वतःची गाडी आहे, बाजार 'बस'चा नाही, बाजार 'प्रवासा'चा आहे. सगळी केस ह्या एका प्रश्नावर फिरते.

मायक्रोसॉफ्टच्या केसमधे डिट्टो हेच झालं. अमेरिकेत स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या एफटीसीनं डिसेंबर २०२२ मधे आडकाठी घातली, कॉल ऑफ ड्यूटी सोनीला मिळणार नाही म्हणून. जुलै २०२३ मधे कोर्टानं सौदा थांबवायला नकार दिला. मायक्रोसॉफ्टनं दहा वर्षांचे करार दाखवले, निन्टेंडोला देऊ, आणि मग सोनीनंही सही केली. पण ब्रिटनच्या सीएमएनं, म्हणजे तिथल्या स्पर्धा आयोगानं, दुसराच बाजार पकडला, क्लाउड गेमिंग (गेम सर्व्हरवर चालतो, आपण इंटरनेटवरून खेळतो), आणि एप्रिल २०२३ मधे सरळ नाही म्हटलं. मग मायक्रोसॉफ्टला काय करावं लागलं माहीत आहे का? अ‍ॅक्टिव्हिजनच्या आताच्या आणि पुढच्या १५ वर्षांतल्या गेमचे क्लाउड हक्क, युरोपियन इकॉनॉमिक एरिया सोडून, युबिसॉफ्ट ह्या दुसऱ्या गेम कंपनीला विकावे लागले. तेव्हा कुठं सीएमएनं हो म्हटलं.

जुनीडिस्क, तुझ्यासाठी हे महत्त्वाचं आहे. कंपनी एकाकडं आणि हक्काचा एक तुकडा दुसऱ्याकडं, असं करता येतं. झालेलं आहे.

रॅलीकाका

पोरांनो, मी या विषयावर तासभर बोलू शकतो पण बायको जेवायला हाक मारत्येय म्हणून थोडक्यात.

माझं वय ६१. नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा लोकांनी यात्रेला जायचा सल्ला दिला, मी स्टिअरिंग व्हील घेतलं. डायनिंग टेबलाला क्लॅम्प करतो, पेडल मागं सरकू नये म्हणून भिंतीला पाटा टेकवलाय. डर्ट रॅली २.० मध्ये खडीवर गाडी घातली की व्हील हातात जी थरथरते ना, डावीकडचं चाक सैल जमिनीवर आणि उजवीकडचं दगडावर हे बोटांना कळतं, आणि तेवढ्यात सहचालक पुढच्या वळणाचा आकडा सांगून मोकळा झालेला असतो. हे नीड फॉर स्पीडमध्ये नाही. असायला पण नको, ते वेगळं. म्हणून मी म्हणतो, वकीलसाहेब, 'रेसिंग गेम' हा एक बाजार नाहीच. रस्त्यावर पोलिसांपासून पळणारा पोरगा आणि मी, आम्ही एकमेकांचे गेम घेत नाही. पण ईएला वाटलं आम्ही एकच. कोडमास्टर्सची माणसं, इंजिन, सगळं आलं, आणि मग विचारलं रॅली किती विकते. कमी विकते हो. कमीच विकणार. तिच्यावर जगणारी लहान कंपनी हवी तिला.

२०२३ ला डब्ल्यूआरसीचं, म्हणजे वर्ल्ड रॅली चॅम्पियनशिपचं, लायसन्स यांच्याकडं आलं तेव्हा मी पेढे वाटले होते. दीड वर्षात संपलं.

अबे_लोडिंग

काका दंडवत 🙏 डायनिंग टेबलवर व्हील, काकू जेऊ कुठं देतात मंग तुमाले?

रॅलीकाका

खाली बसून. आरोग्याला चांगलं असतं म्हणे.

मिहान_देव

(देव म्हणजे डेव्हलपर, आधीच सांगतो, मागच्या धाग्यात लोकांनी नारळ फोडला होता.)

मी मोबाइल गेममधे आहे, नऊ-दहा वर्षं. तुम्ही सगळे खेळणाऱ्याच्या खुर्चीतून बोलून राहिले म्हणून करणाऱ्याची खुर्ची दाखवतो. मी आधी ज्या कंपनीत होतो (नाव घेत नाही) तिथं आमचा एक खेळ बरा चालला होता. बरा म्हणजे लोक खेळत होते, पैसे देत नव्हते. एक नवा माणूस गेम डाउनलोड करावा म्हणून जाहिरातीवर जेवढं जातं तेवढं तो माणूस कधीच परत देत नाही, हे आपल्याकडचं उघड गुपित. सर्व्हरचं बिल दर महिन्याला डॉलरमधे. मग एक दिवस मोठी कंपनी आली, त्यांचा आमच्यासारखाच खेळ होता. आमचे फाउंडर खूश, आम्हाला थकलेला पगार मिळाला, पहिल्यांदा. सहा-आठ महिन्यांनी आमचा खेळ स्टोअरवरून काढला, खेळणाऱ्यांना नोटिफिकेशन गेलं की तुमची नाणी त्यांच्या खेळात वापरा. मी रडलो का? रडलो थोडा. पण सौदा झाला नसता तर तो खेळ तीन महिने आधीच मेला असता आणि पगारही गेला असता, हे पण तितकंच खरं.

आता क्रिकेटच घ्या, मोबाइलवरचं. आपल्याकडं दोन मोठी नावं, वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप आणि रियल क्रिकेट. पहिलं चेन्नईच्या नेक्स्टवेव्हचं, ती नझारा ह्या गेम कंपनीकडं गेली. दुसरं नॉटिलस मोबाइलचं, आणि २०२५ मधे क्राफ्टननं म्हणजे आपल्या बीजीएमआयवाल्यांनी नॉटिलसचा ताबा घेतला १ कोटी ४० लाख डॉलरला, ११८ कोटी रुपये साधारण. दोघंही विकले गेले, पण दोन वेगळ्या घरात गेले, म्हणून भांडण चालू आहे. जुनीडिस्कची भीती मला तेव्हा पटेल जेव्हा दोन्ही एकाच घरात जातील. तोपर्यंत विकत घेणारा आला तर मी दारात रांगोळी काढीन.

जुनीडिस्क

देवा, म्हणजे आपण एकच बोलून राहिलो की. वेगळ्या घरात जाऊ दे, माझी ना नाही. बाहेरच्यानं घेतलं तर घेऊ दे. समोरच्यानं घ्यायचं असेल तर अट.

संत्राबॉम्ब

एक मिनिट थांबा, क्रिकेटवरून सगळे भावुक होऊन राहिलेत पण जुनीडिस्कच्या पहिल्याच पोस्टमधे घोळ आहे. ईएनं क्रिकेट सोडलं ते २००७ नंतर. कोडमास्टर्सनं इंटरनॅशनल क्रिकेट २०१० नंतर सोडलं. आणि ईएनं कोडमास्टर्स घेतलं २०२१ ला!! म्हणजे क्रिकेट मेलं तेव्हा दोघं स्वतंत्र होते, एकमेकांशी स्पर्धा होती, आणि तरीही दोघांनी आपापलं दुकान बंद केलं. स्पर्धा असली की माल मिळतो हा सिद्धांत इथं कुठं गेला? पीसीवर आपण सगळे पायरेटेड खेळत होतो ना, बर्डीच्या फुटपाथवरून आणलेली सीडी, एका सीडीवर अर्धं लक्ष्मीनगर खेळायचं. जगात सगळ्यात जास्त क्रिकेट खेळणारा देश पैसे देत नव्हता, आणि गोरे लोक क्रिकेट खेळत नव्हते म्हणा किंवा कमी, मग कोण करणार. पुढं ऑस्ट्रेलियातल्या बिग अँटनं ते उचललं, त्यांचं क्रिकेट २४ वगैरे येतच आहे. कोणी कोणाला गिळलं म्हणून क्रिकेट गेलं नाही, आपण पैसे दिले नाही म्हणून गेलं.

दुसरं, काका म्हणतात रॅली गेली. नोव्हेंबर २०२५ मधे असेटो कोर्सा रॅली आलं ना, गेम पूर्ण व्हायच्या आधीच विकतात त्या अर्ली अ‍ॅक्सेसमधे? जागा रिकामी झाली, दुसऱ्यानं भरली. मग नाव बासनात असलं काय नि नसलं काय?

रॅलीकाका

असेटो कोर्सा रॅली मी पहिल्याच दिवशी घेतलं बाबा. चांगलं आहे, पण अजून पूर्ण नाही, स्टेज थोडे आहेत. डर्ट रॅलीमागं कॉलिन मॅकरे रॅलीपासूनची, म्हणजे १९९८ पासूनची, पुंजी होती. ध्वनी, रस्ते, गाड्यांचा स्वभाव. ते सगळं तिकडं कुलुपात आणि इकडचे पोरं पहिल्यापासून मोजमाप करतायत. जागा भरते हे खरं, पण प्रत्येक वेळी अ आ इ ई पासून.

जुनीडिस्क

संत्राबॉम्ब, क्रिकेट सौद्यानं मेलं असं मी कुठं लिहिलंय दाखव. मी लिहिलं ते दोघं भांडत होते आणि नंतर एकानं दुसऱ्याला घेतलं. मेलं ते बाजारामुळं, मान्य. पण आता बघ, आज कोणाला वाटलं की कोडमास्टर्सचा तो जुना क्रिकेट कोड घेऊन, किंवा क्रिकेट ०७ चंच घेऊन काही करावं, तर आधी दोन दारं होती ठोठवायला, आता दोन्हीकडं तोच वॉचमन बसलाय. पॅचवाली पोरं इतक्या वर्षांनी अजून क्रिकेट ०७ ला नव्या जर्स्या शिवून राहिलीत, फुकट, आणि ईएनं ना नवा गेम काढला ना ह्यांना अधिकृत काही दिलं.

आणि नाव असलं काय नि नसलं काय म्हणतोस तर प्रोजेक्ट कार्सवाल्यांना विचार. त्या कंपनीचा संस्थापक बाहेर पडला, नवी कंपनी काढली, तसाच गेम बनवला, नोव्हेंबर २०२५ मधे बाजारात आणला, नाव ठेवलं प्रोजेक्ट मोटर रेसिंग. का? कारण मूळ नाव ईएकडं, आणि ईए ते वापरत नाही. बापालाच पोराचं नाव लावता येईना.

वेस्टवुड ह्या गेम कंपनीचं तर अजून भारी. कमांड अँड कॉन्कर, रेड अलर्ट. ईएनं १९९८ मधे घेतलं, २००३ मधे बंद केलं. तिथल्या लोकांनी पेट्रोग्लिफ काढलं. २०२० मधे ईएला जुने गेम रीमास्टर करायचे होते तर काम कोणाला दिलं, पेट्रोग्लिफला. म्हणजे स्वतःच्याच गेमवर कंत्राटदार म्हणून आले बिचारे. (ईएला श्रेय द्यायचं तिथं देतो, २०२५ मधे रेड अलर्ट, जनरल्सचा सोर्स कोड त्यांनी खुला केला. ते मनापासून आवडलं.)

अबे_लोडिंग

जनरल्स!! व्हीएनआयटीच्या हॉस्टेलवर लॅन लावून खेळलो बाप्पा रात्र रात्र. आता पटून राहिलं थोडं थोडं तुह्यं. पण मंग मायक्रोसॉफ्टनं हाय-फाय रश वाल्याइले बंद केलं ते पण यातच येते का?

कोर्टाची_पायरी

येते आणि नाही पण. हाय-फाय रश बनवणारी टँगो गेमवर्क्स मायक्रोसॉफ्टकडं बेथेस्डा कंपनीसोबत आली होती २०२१ मधे, मे २०२४ मधे बंद करतो म्हणाले, लोकांनी आवडलेला गेम असून. पण ऑगस्टमधे क्राफ्टननं टँगो घेतली, आणि हाय-फाय रशचे हक्क पण सोबत. म्हणजे मायक्रोसॉफ्टनं नाव अडवून ठेवलं नाही, जाऊ दिलं. जुनीडिस्क जी अट मागतोय ती तिथं कायद्यानं नाही, मर्जीनं झाली. मर्जीचा भरवसा नसतो एवढाच मुद्दा.

हिशोबवाली

बरं, मग अट नेमकी काय ते लिहा ना एकदा. नाव वापरलं नाही तर परत द्यायचं, बरोबर? कोणाला परत? मूळ मालकाने पैसे घेतलेत. ६०४ पेन्समध्ये डर्टच्या नावाची किंमत होतीच. पैसेही घ्यायचे आणि नावही परत मागायचं, हा कुठला व्यवहार? आणि अशी अट असेल तर घेणारा भाव पाडून मागेल. ११९ पेन्स जास्त मिळाले ते मिळणारच नाहीत. देवसारख्या माणसाचा थकलेला पगार त्यातूनच आला ना?

मिहान_देव

ताईंचा मुद्दा बरोबर आहे, भाव पडेल. पण किती? आमचा जो खेळ काढून टाकला त्याच्या नावाला घेणाऱ्याच्या लेखी किंमत शून्य होती, त्याला फक्त खेळणारे हवे होते. ज्याची किंमत घेणाऱ्यानं शून्य धरली ते परत मागितलं तर भाव कशाला पडेल. भाव पडेल तो त्या नावाचा जे तो खरंच वापरणार आहे, आणि वापरणार असेल तर अट लागूच होत नाही.

परत फुकट नको, लायसन्स. म्हणजे नाव त्यांचंच, पण पाच वर्षं काही काढलं नाही तर जो मागेल त्याला ठरलेल्या रॉयल्टीवर द्यायचं. मूळ टीमला पहिला हक्क.

जुनीडिस्क

हेच. मी असंच लिहिणार होतो पण देवानं नीट लिहिलं.

संत्राबॉम्ब

आणि ते टाळायला कंपनी पाच वर्षांत एकदा डर्टच्या नावाचा एक टुकार मोबाइल गेम काढेल, जाहिराती भरलेला, झालं वापरलं. मग? 😄

कोर्टाची_पायरी

हो, काढेल. पहिल्याच वर्षी काढेल. ट्रेडमार्कमधे पण हेच होतं, पाच वर्षांच्या वर वापर नसेल तर आपल्या कायद्यात नोंदणी काढायला अर्ज करता येतो, आणि लोक मग नावापुरता वापर दाखवतात. तिथं 'खरा वापर' आहे का हे बघतात, वाद होतो, वर्षं जातात. पण ट्रेडमार्क गेला तरी कॉपीराइट राहतो, काकांच्या खडीचा आवाज आणि रस्ते कॉपीराइटमधे येतात. म्हणून नुसतं नाव सोडवून काम होत नाही.

आपल्या स्पर्धा आयोगाचं विचाराल तर १० सप्टेंबर २०२४ पासून सौद्याचं मूल्य २,००० कोटींच्या वर असेल आणि भारतात भरीव धंदा असेल तर त्यांच्याकडं जावं लागतं, आधी नुसती मालमत्ता आणि उलाढाल बघत. देवानं सांगितलेला ११८ कोटींचा सौदा त्या आकड्याच्या जवळपासही नाही. म्हणजे उद्या देव म्हणतो तसं दोन्ही क्रिकेट गेम एकाच घरात गेले तरी ह्या मूल्याच्या नियमानं कोणी विचारायला येईल असं दिसत नाही. ज्या बाजारात दोनच खेळ आहेत तो बाजारच एवढा लहान की चाळणीतून खाली पडतो.

मिहान_देव

हे मात्र टेन्शनचं आहे. कारण ते दोन खेळ मिळून किती लोक खेळतात हे स्टोअरवर डाउनलोडचे आकडे बघा, कोटींमधे आहेत. पैशात लहान, माणसांत मोठा. आयोगाची पट्टी पैशाची आहे.

हिशोबवाली

मग पट्टी बदला म्हणा, बाजारात किती पर्याय उरतात ती लावा. तीनाचे दोन होत असतील तर बघा, दोनाचा एक होत असेल तर अट घाला, बाकी कोणी कोणाला घेऊ दे. ह्याला माझी हरकत नाही. माझी हरकत 'समोरच्याला घ्यायचंच नाही' ह्याला होती. स्क्वेअर आणि एनिक्स २००३ मध्ये एक झाले, दोघंही आरपीजीवाले (पात्र होऊन गोष्ट खेळायचे गेम), एकमेकांसमोरचेच. फायनल फँटसी पण चालू राहिलं, ड्रॅगन क्वेस्ट पण.

जुनीडिस्क

स्क्वेअर एनिक्सला मी काढणारच नव्हतो कारण ते माझ्या विरुद्ध जातं 😀 पण ताई, त्यांनी दोन्ही नावं चालवली हा फरक आहे ना. दोनाचा एक होताना अट, ठरलं. लायसन्सची मुदत किती, देव म्हणतो पाच, मी म्हणतो तीन, कारण पाच वर्षांत टीम पांगते, लोक बँकेच्या अ‍ॅपवर कामाला लागतात.

मिहान_देव

तीन वर्षांत मोठा गेम होत नाही भाऊ. जीटीएला विचार. प्रामाणिकपणे बनवून राहिलेल्या माणसाचं नाव तू तीन वर्षांत काढून घेशील. पाचच्या खाली मी येत नाही.

रॅलीकाका

घोषणा झाल्यापासून मोजा की. बनवतोय असं जाहीर केलं तर घड्याळ थांबेल, रद्द केलं तर त्याच दिवशी सुटेल. आणि वकीलसाहेब, त्यात आवाज आणि रस्ते पण घाला, नाव मला नाही मिळालं तरी चालेल.

संत्राबॉम्ब

काका, घड्याळ थांबवायला ट्रेलर काढतील ना दरवर्षी एक. गेम नाहीच, नुसते ट्रेलर.

कोर्टाची_पायरी

तर ट्रेलरवर थांबवू नका, खेळता येईल असा भाग बाहेर आला तरच थांबेल असं लिहा. अर्ली अ‍ॅक्सेस चालेल, व्हिडिओ चालणार नाही. सोमवारी मसुद्यासारखं काहीतरी टाकतो इथंच, तोडायला तयार रहा.